गूळ-हिरड्याच्या पिंपाचा पंचनामा

ठाकूरद्वारच्या मागे, जिथे गाडी सहसा शिरत नाही आणि शिरलीच तर वळत नाही, अशा कवळीवाडीत मिस्किटा भावंडांचे दुमजली घर आहे. त्याचे वय किती, याविषयी भावंडांत मतभेद होते. ते घर राहावे की जावे, याविषयी तर त्याहून अधिक होते. थोरली आयव्ही, भावांची 'बाय', वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, निवृत्त शिक्षिका. ती त्याच घरात जन्मली होती आणि तिथून हलण्याचा तिचा मुळीच विचार नव्हता. मधला ॲम्ब्रोज टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन तिच्याबरोबर राहत असे, आणि ज्या बाजूला जेवण असेल त्या बाजूने मत देत असे. धाकट्या टेरेन्सने उत्पादन शुल्क विभागात निरीक्षक म्हणून एकतीस वर्षे हातभट्ट्यांवर धाडी घातल्या होत्या. त्याने स्वतः आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. तो बोरिवलीला सातव्या मजल्यावर राहत असे; हे घर बिल्डरला द्यावे आणि बहिणीने आपल्या शेजारच्या इमारतीत राहायला यावे, असे त्याचे ठाम व वारंवार मांडलेले मत होते.

टेरेन्सवर लोभाचा आरोप करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. आदल्या वर्षी दिवाणखान्याच्या पश्चिमेकडील भिंतीचा परातीएवढा पोपडा आयव्हीच्या आरामखुर्चीत पडला. आयव्ही त्या वेळी स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली. टेरेन्सच्या दृष्टीने वाद तिथेच संपला. आयव्हीने खुर्चीची जागा बदलली, आणि तिच्याही दृष्टीने वाद तिथेच संपला.

या परिस्थितीत आयव्हीने विनीत घाडीगावकर नावाच्या वास्तुविशारदाला बोलावले. तो लालबागच्या चाळीत वाढलेला. जुन्या इमारतींचे जतन हा त्याच्या शिक्षणाचा विषय आणि नोंदी ठेवणे हा त्याचा स्वभाव. पहिले तीन आठवडे त्याने घराला हातही लावला नाही. फक्त मोजले, काढले, लिहिले. बाहेरच्या लाकडी जिन्याला किती पायऱ्या आहेत, हे त्या घरात सत्तर वर्षे चढउतार करणाऱ्यांना ठाऊक नव्हते, ते त्याने सांगितले. चौथ्या आठवड्यात तो भोईवाड्यात राहणाऱ्या कुशाबाला घेऊन आला. कुशाबा मूळचा वाईकडचा गवंडी. वय सत्तरीच्या आसपास. चुन्यात काम करणारे हात आता फार उरले नाहीत, आणि जे उरले आहेत त्यांना हे माहीत असल्यामुळे ते फार बोलतात.

कुशाबाने पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकवला, कान लावला, मग नखाने थोडेसे खरवडून ते जिभेवर ठेवले.

"सिमिट कुणी थापलं हो हितं?"

"का? काय झालं?" टेरेन्सने विचारले. तो मुद्दाम बोरिवलीहून आला होता.

"आवो साहेब, ही इटा-चुन्याची भिंत. तिला घाम येतो. वर चुना आसला तर घाम भाईर पडतो. तुमी वरनं सिमिट थापलं, म्हंजी तिला भर उन्हाळ्यात रबरी कोट घातला. आतल्या आत नासली बिचारी."

"कोट कोणी घातला?" आयव्हीने विचारले. उत्तर तिला ठाऊक होते.

सगळ्यांनी ॲम्ब्रोजकडे पाहिले. चौऱ्याऐंशी साली, बंधुकर्तव्याच्या भरात, त्याने एका ठेकेदाराकडून ते काम करवून घेतले होते.

"त्या टायमाला सगळेच घालत होते," ॲम्ब्रोज म्हणाला.

विनीतचे म्हणणे असे की, सिमेंट उतरवून, विटांना श्वास घेऊ देऊन, मूळच्या पद्धतीने चुन्याचा गिलावा केला तर घर आणखी शंभर वर्षे उभे राहील. टेरेन्सचे म्हणणे असे की, शंभर वर्षांनी आपल्यापैकी कोणी तपासायला नसेल, त्यामुळे ही हमी निरुपयोगी आहे. वाद दोन तास चालला. अखेर आयव्हीने शाळेतल्या सवयीने रेघांचा कागद घेतला आणि त्यावर सुवाच्य अक्षरात करार लिहिला. पश्चिमेची भिंत चुन्यात करावी. काम संपल्यावर एकवीस दिवस थांबावे. त्यानंतर टेरेन्सने खिळ्याने ती ओरखडावी. गिलावा टिकला तर सारे घर तसेच दुरुस्त होईल आणि टेरेन्स पुन्हा बिल्डरचे नाव काढणार नाही. न टिकल्यास आयव्ही बिल्डरच्या कागदांवर सही करील आणि बोरिवलीला जाईल.

खाली तिघांच्या सह्या झाल्या. आयव्हीने सही एका झटक्यात केली. टेरेन्सने मात्र पेनाचे टोपण लावून पुन्हा काढले; त्याला वाटले, आपण जिंकणार, आणि जिंकल्यावर बहिणीच्या तोंडाकडे पाहणे कठीण जाणार.

आता या कथेचा जो मुख्य विषय, त्याकडे यायला हरकत नाही. चुन्याचा गिलावा नुसत्या पाण्यात कालवत नाहीत. त्यासाठी गूळ आणि कुटलेला हिरडा पाण्यात भिजत घालतात, ते पाणी काही दिवस आंबू देतात, आणि मग त्या पाण्यात चुना मळतात. अशा गिलाव्याला चिवटपणा येतो. कुशाबाने हे पाणी मातीच्या रांजणात घालावे असे सुचवले. विनीतने, रांजणाची पातळी बाहेरून दिसत नाही या कारणास्तव, चाळीस लिटरचे अर्धपारदर्शक निळे पिंप आणले. ते बाहेरच्या जिन्याखाली सावलीत ठेवले. त्यावर त्याने चिठ्ठी चिकटवली: 'बांधकामसाहित्य. हात लावू नये.' पाण्याच्या पातळीवर काळ्या शाईने रेघ ओढली. रोज सकाळी येऊन तो वहीत पातळी नोंदवणार होता.

हे पिंप भरले त्या दिवशी राखेचा बुधवार होता. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, म्हणजे लेंट, त्या दिवशी सुरू होतो, आणि ईस्टरपर्यंत आपल्याला प्रिय असलेली एखादी गोष्ट सोडण्याची रीत आहे. ॲम्ब्रोजला प्रिय असलेल्या गोष्टीविषयी वाडीत दुमत नव्हते. दर वर्षी तो ती सोडत असे आणि साधारण पहिल्या रविवारपर्यंत सोडून ठेवत असे. या वर्षी मात्र, कपाळावर राखेचा क्रूस असताना, वाडीच्या चौकातल्या क्रूसासमोर उभे राहून त्याने जाहीर केले, "ईस्टरपर्यंत थेंब नाही. घरासाठी. बायचं घर राहू दे, एवढंच मागणं." त्याच्या मागोमाग वाडीतल्या आणखी चार निवृत्त सज्जनांनी तोच संकल्प केला. शेजारच्या जोॲनाचा नवरा कॅल्विन त्यांच्यापैकी एक होता. जोॲना हे ऐकून इतकी हेलावली की, उपवासकाळात दर शुक्रवारी चौकात होणाऱ्या 'क्रूसाच्या वाटे'चे वाचन या वर्षी ॲम्ब्रोजनेच करावे, असे तिने सुचवले. असा मान ॲम्ब्रोजला जन्मात मिळाला नव्हता.

सहाव्या दिवशी पिंपाला वास येऊ लागला.

तो वास ज्यांनी घेतला नाही त्यांना ॲम्ब्रोजच्या अवस्थेची कल्पना येणार नाही. वर आंबट, खाली गोड, आणि तळाशी काहीतरी जुने, ओळखीचे. दुपारी दोन ते चार आयव्ही झोपत असे. कुशाबा वाडीच्या तोंडाशी असलेल्या पिंपळाखाली आडवा होत असे. विनीत दुसऱ्या कामावर असे. त्या दोन तासांत ॲम्ब्रोज जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून पिंपावरची चिठ्ठी वाचू लागला. ती त्याने पुष्कळदा वाचली. आपण दारू सोडली आहे, हे निर्विवाद. पिंपात दारू आहे असे कोणी म्हटलेले नाही, हेही निर्विवाद. पिंपात काय आहे, ते एका शिकलेल्या माणसाने मोठ्या अक्षरात लिहून ठेवले आहे. बांधकामसाहित्य वर्ज्य करावे असे कोणत्याही धर्मगुरूने कधी सांगितल्याचे त्याला आठवत नव्हते. 'हात लावू नये' हा भाग उरला. त्यासाठी त्याने लांब दांड्याचा डाव आणला.

चव तुरट होती. पहिल्या पेल्याला त्याने तोंड वाकडे केले, दुसऱ्याला केले नाही.

ॲम्ब्रोज हा मुळात सचोटीचा माणूस. बहिणीच्या घराचे साहित्य कमी होऊ नये म्हणून, जेवढे काढले तेवढेच नळाचे पाणी त्याने पिंपात ओतले, आणि पातळी काळ्या रेघेला बरोबर लागली आहे याची वाकून खात्री केली. तीन दिवसांनी त्याला वाटले की, संकल्पात जे सोबत आहेत त्यांना या शोधापासून वंचित ठेवणे स्वार्थीपणाचे होईल. तेव्हा उरलेले चौघेही दुपारी येऊ लागले. प्रत्येक जण आपापला पेला आणि आपापली पाण्याची बाटली आणत असे.

विनीतच्या वहीत रोज सकाळी एकच नोंद होत गेली: 'पातळी कायम.' त्याखाली एके दिवशी त्याने समाधानाने लिहिले: 'बाष्पीभवन शून्य. पिंपाची निवड योग्य.'

हिरडा पोटाला काय करतो, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी चौकात 'क्रूसाची वाट' सुरू झाली. या भक्तीची चौदा स्थाने असतात. प्रत्येक ठिकाणी थांबून वाचन, मग प्रार्थना. ॲम्ब्रोजने सहा स्थाने खणखणीत आवाजात वाचली. सातव्या स्थानाशी त्याचा आवाज घोगरा झाला. त्याने पुस्तक जोॲनाच्या हातात दिले, मान खाली घातली, आणि झपझप पावले टाकीत घराकडे निघून गेला.

"भरून आलं त्याला," जोॲना डोळे पुसत म्हणाली.

तिसऱ्या शुक्रवारी सातव्या स्थानाशी तिघांना भरून आले. चौथ्या शुक्रवारी पाचही जण, दोन मिनिटांच्या अंतराने, ओठ घट्ट मिटून, कोणाशी न बोलता पांगले. वाडीने असा उपवासकाळ पाहिला नव्हता. शेजारच्या वाडीतून लोक खास सातवे स्थान पाहायला येऊ लागले.

घरी आयव्ही भावाला पेज करून घालीत असे. त्याचे पोट आत गेले होते, गाल उतरले होते, आणि चेहऱ्यावर एक निरुपायाची शांती आली होती.

"लेंट तुला मानवलंय रे," ती म्हणाली.

"हलकं वाटतं, बाय," तो म्हणाला. त्यात असत्य काहीच नव्हते.

मधल्या काळात, तेराव्या दिवशी, गिलाव्याचे काम सुरू झाले होते. कुशाबाने पिंपात बोट बुडवून जिभेला लावले आणि तो बराच वेळ आकाशाकडे पाहत राहिला.

"पाणी मारलंया."

"कशावरून?" विनीतने विचारले.

"जिभंवरनं."

"कुशाबा, जीभ रिपोर्टला जोडता येत नाही. पातळी बघा. रेघेवर आहे. पहिल्या दिवसापासून रेघेवर आहे."

"रेघ ऱ्हाऊ दे रेघंपाशी. आतलं पाणी बारीक झालंया. दूधवाल्याचं दूध कळतं का न्हाई तुमच्या आईला?"

"तुम्ही पन्नास वर्षं काम करताय, मला आदर आहे. पण मी प्रमाण मोजून घातलंय. वहीत आहे."

"मग वहीचाच गिलावा करा की."

या वाक्यानंतर दोघांत काही काळ फक्त आयव्हीमार्फत बोलणे झाले. तरीही विनीतने, शिस्तीचा भाग म्हणून, आपल्या नमुन्यांच्या पेटीकडे बोट दाखवले: पाचव्या दिवशी याच पिंपातून बाटली भरून, बूच लावून, वर मेण ओतून ठेवली होती, आणि पिंपावरची रेघ तेवढी खाली घेतली होती. कसल्याही साहित्याचा नमुना ठेवल्याशिवाय तो पुढे जात नसे. कुशाबाने बाटलीकडे पाहिले, आणि मेण ओतलेली वस्तू चाखता येत नाही म्हणून नाद सोडला. पाच दिवसांत गिलावा झाला; उरलेले पाणी डागडुजीसाठी पिंपातच ठेवले. तो दिसायला देखणा होता, लोण्यासारखा गुळगुळीत. कुशाबा रोज सकाळी त्यावर अंगठा दाबून पाही आणि काहीएक न बोलता पान लावी. एरवी फार बोलणारा माणूस गप्प झाला, हे चिन्ह फक्त आयव्हीने ओळखले. तिने कोणाला विचारले नाही. विचारून उत्तर मिळाले असते.

ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा; त्याच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजता, टेरेन्स खिळा घेऊन आला. खिळा त्याने स्वतःच आणला होता, तोही नवा, कारण वापरलेल्या खिळ्याबद्दल नंतर वाद होऊ शकतो. आयव्ही, ॲम्ब्रोज, विनीत, कुशाबा आणि साक्षीला बोलावलेली जोॲना भिंतीसमोर उभी राहिली. टेरेन्सने खिळा टेकवला आणि अगदी हलक्या हाताने, बहिणीला दुखवायचे नसल्यासारखा, खाली ओढला.

गिलावा पिठीसाखरेसारखा भुरभुरत जमिनीवर आला.

त्याने दुसऱ्या ठिकाणी ओढला. तिसऱ्या ठिकाणी ओढण्याची वेळ आली नाही. भिंतीनेच ते काम केले.

आयव्हीने पदराला हात पुसले, कपाटातून जुनी वर्तमानपत्रे काढली, आणि काचेच्या बशा एकेक करून त्यात गुंडाळू लागली. त्या बशा त्यांच्या आईच्या लग्नातल्या. सहावी बशी गुंडाळून तिने कुशाबाला विचारले, "हे बोरिवलीपर्यंत टेम्पोत नीट जाईल ना हो?"

"बाय," टेरेन्स म्हणाला, "आज लगेच नाही जायचं गं."

"करार लिहिलाय रे मी. माझं अक्षर आहे."

ॲम्ब्रोज खांबाला टेकून उभा होता. वाडीभर जे नाव त्याने कमावले होते, ते त्याच्या सत्तर वर्षांत पहिलेच होते. एका बशीपुरता वेळ त्याने ते नाव धरून ठेवले. मग सोडले.

"भिंतीचा दोष नाही," तो म्हणाला. "कुशाबाचा पण नाही. पिंपातलं मी प्यायलो."

"किती?" टेरेन्सने विचारले. एकतीस वर्षांच्या सवयीमुळे त्याला आश्चर्याआधी प्रश्न सुचला.

"मोजलं नाही. पण पाणी तेवढंच घातलं मी! एक थेंब कमी पडू दिला नाही."

"तू लेंटमध्ये—" आयव्ही म्हणाली.

"दारू सोडली होती, बाय. ती सोडलेलीच आहे. हे बांधकामसाहित्य. लिहिलंय वर."

"एकट्याने प्यायलास?"

ॲम्ब्रोजने जोॲनाकडे पाहिले, आणि लगेच छताकडे पाहिले.

"कॅल्विन?" जोॲना म्हणाली. "माझा कॅल्विन? सातव्या स्थानाला..." तिने हातातला रुमाल पाहिला. त्या रुमालाने तिने शुक्रवारमागून शुक्रवार डोळे पुसले होते. "येऊ दे घरी. चौदाही स्थानं दाखवते त्याला."

"मी म्हनलं हुतं!" कुशाबा उसळला. "पाणी मारलंया म्हनलं हुतं! जीभ रिपोर्टला जोडत न्हाईत म्हनं!"

विनीतने आपली वही उघडली, 'बाष्पीभवन शून्य' ही नोंद वाचली, आणि वही पुन्हा मिटली.

आयव्हीच्या हातात सातवी बशी तशीच होती. तिने टेरेन्सकडे पाहिले. आता सारे त्याच्यावर होते, आणि त्याला ते कळत होते. भिंत पडली होती. करार स्पष्ट होता. 'चाचणी झाली, निकाल लागला' एवढे म्हणून तो बहिणीला सुरक्षित सातव्या मजल्यावर नेऊ शकत होता.

"कबुलीजबाबाला किंमत नाही," तो म्हणाला.

"अरे मी स्वतः सांगतोय!" ॲम्ब्रोज ओरडला.

"आरोपी बहिणीला वाचवायला खोटं बोलू शकतो. एकतीस वर्षांत मी नुसत्या कबुलीवर एक केस केली नाही." तो थोडा वेळ जमिनीवरची पिठी बुटाने सारीत राहिला. "माझी ट्रंक कुठाय?"

"माळ्यावर. तुझ्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती ना तिला."

ट्रंक उतरवली. खाकी कपडे, डांबराच्या गोळ्या, आणि मखमली पेटीत काचेचा हायड्रोमीटर. द्रव किती दाट आहे हे सांगणारी ती काचेची नळी. हातभट्टीचे आंबवण तपासण्यात तिचे आयुष्य गेले होते. टेरेन्स जिन्याखाली गेला. पिंपाचे झाकण काढताच त्याच्या नाकपुड्या फुलल्या, आणि तो दहा वर्षांनी तरुण झाला.

"गुळाचं आंबवण. माझ्या बहिणीच्या जिन्याखाली. माझ्या!" मग तो विनीतकडे वळला. "तुम्ही रोज नोंद करत होता?"

"हो, सर. पातळी कायम होती."

"मार्च महिना. मुंबई. उघडझाप होणारं पिंप. आणि पाणी रेघभरही उतरलं नाही? यंग मॅन, पाणी उतरलं असतं तर संशय नव्हता. उतरलं नाही तिथंच गुन्हा आहे. माझ्या हाताखाली असता तर पहिल्याच आठवड्यात तुमची बदली केली असती."

विनीतने मान खाली घालून मेणाची बाटली पुढे केली. टेरेन्सने आधी बाटलीतल्या द्रवात नळी सोडली, आकडा वाचला. मग पिंपातल्या द्रवात सोडली. नळी जवळपास मानेपर्यंत बुडाली. त्याने तीन वेळा वाचले, कारण एखाद्या वेळी तरी आकडा आपल्या बाजूचा येईल अशी त्याला आशा असावी. तो आला नाही. पिंपात निम्म्याहून अधिक नळाचे पाणी होते.

"फक्त आंबल्याने एवढा फरक पडत नाही का?" विनीतने विचारले.

"आंबल्याने किती पडतो ते मला शिकवू नका. कागद द्या."

पंचनाम्यासाठी दोन तटस्थ पंच लागतात. टेरेन्सने जोॲनाला हितसंबंधाच्या कारणावरून बाद केले. ती म्हणाली, "माझा हितसंबंध कॅल्विनला पकडून देण्यात आहे," आणि हे म्हणणे त्याला मान्य करावे लागले. दुसरा पंच कुशाबा.

"तुमचा यात काय संबंध?"

"माझी अब्रू."

"ती कॉलममध्ये येत नाही. सही करा."

टेरेन्सने उभ्याउभ्या, जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून, पंचनामा लिहिला. 'समक्ष पाहिले, मोजले, खात्री केली' या जुन्या शब्दांनी सुरुवात झाली. ॲम्ब्रोजने 'आरोपी' या शब्दाला हरकत घेतली. ती फेटाळण्यात आली. शेवटी त्याने लिहिले: 'सबब पश्चिम भिंतीचा नमुना भेसळयुक्त साहित्याचा असल्याने सदर चाचणी रद्दबातल.' खाली सही केली, तारीख घातली.

आयव्हीने तो कागद दोनदा वाचला.

"तुला गप्प बसता आलं असतं रे," ती म्हणाली.

"पंचनामा आहे, बाय," टेरेन्स म्हणाला. त्याला याहून दुसरे कारण सुचले नाही, आणि होतेही नाही.

नवे पिंप लगेचच्या सोमवारी भरले. यावेळी झाकणावर लाखेचे सील होते, त्यावर टेरेन्सच्या अंगठीचा ठसा. चिठ्ठी त्याने स्वतः लिहिली: 'दारू. पिऊ नये.' ॲम्ब्रोजला ही भाषा अपमानास्पद वाटली, पण तिच्यात पळवाट नव्हती. शुक्रवारची वाचने जोॲनाने परत घेतली. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, कॅल्विनसह पाचही जण चौदाव्या स्थानापर्यंत उभे होते, आणि शेजारच्या वाडीतून आलेल्यांची निराशा झाली.

सील दिवसातून तीनदा तपासायचे, तर बोरिवलीहून येणे-जाणे जमणार नव्हते. टेरेन्स दोन दिवसांसाठी म्हणून आपल्या जुन्या खोलीत राहायला आला. तो हायड्रोमीटरच्या नोंदी ठेवू लागला. विनीत त्या उतरवून घेऊ लागला. पाचव्या दिवशी टेरेन्सने हिरडा नीट कुटला नसल्याचा आक्षेप काढला.

"साहेब, तुमी दारू वतून टाकनारं मानूस," कुशाबा म्हणाला. "करनारं नव्हं."

"वाईट आंबवण ओळखण्यात हयात गेली माझी. तुमचं वाईट आहे."

"चाखा मग."

टेरेन्सने आयुष्यात प्रथमच अशा द्रवात बोट बुडवले आणि जिभेला लावले. त्याचा चेहरा आवळला. बराच वेळ तो आकाशाकडे पाहत राहिला.

"हिरडा कमी आहे," तो म्हणाला.

कुशाबाने बोट बुडवले. चाखले. मग, पन्नास वर्षांत कोणाला दिला नसेल असा मान देऊन, मूठभर हिरडा आणखी टाकला.

ईस्टर आला. ॲम्ब्रोज आपल्या नेहमीच्या पेयाकडे सन्मानाने परतला, त्यामुळे पिंपाला आता कोणापासूनच धोका उरला नव्हता. हे आयव्हीने टेरेन्सच्या लक्षात आणून दिले. सील काढणे नियमात बसत नाही, असे उत्तर मिळाले. गिलावा झाला, एकवीस दिवस मोजले गेले, त्या दिवसांत टेरेन्स भिंतीजवळून कोणाला खुर्चीही ओढू देत नव्हता. बोरिवलीहून बायकोचे फोन येत. "इन्स्पेक्शन चालू आहे," तो सांगे.

बाविसाव्या दिवशी आयव्ही पहाटेच उठून बसली होती. बशा अजून वर्तमानपत्रांतच होत्या. या निकालाआधी त्या सोडवायला तिने नकार दिला होता. दहा वाजता सगळे जमले. टेरेन्सने खिळा टेकवला. यावेळी हात हलका नव्हता. त्याने दात आवळून, खांदा लावून, वरपासून खालपर्यंत ओढला. मग डाव्या कोपऱ्यात. मग खिडकीच्या चौकटीखाली, जिथे कुशाबा ठेंगणा असल्यामुळे थापी नीट पोचली नसेल असा त्याला संशय होता, तिथे. भिंतीवर तीन बारीक पांढऱ्या रेघा उमटल्या. जमिनीवर काही पडले नाही.

"ओरखडा पडला," तो म्हणाला. "पोपडा नाही."

"म्हंजी?" कुशाबाने विचारले.

"म्हणजे पास. पण खिडकीखाली फिनिशिंग कमी आहे, ते मी लिहिणार."

त्याने ते लिहिले. निकालाचा कागद त्याने आदल्या रात्रीच तयार ठेवला होता; आकडे आणि सही तेवढी बाकी होती. आयव्हीने चष्मा लावून तो पहिल्यापासून वाचला. बिल्डरशी बोलणे बंद. घराच्या उरलेल्या अकरा भिंती याच पद्धतीने. आणि शेवटी एक कलम, जे मूळ करारात नव्हते: पुढील सर्व पिंपे टेरेन्स मिस्किटा यांच्या देखरेखीखाली व ताब्यात राहतील.

"अकरा भिंती," आयव्ही म्हणाली. "म्हणजे किती पिंपं?"

"नऊ. दहा धरू. एका वेळी दोनच आंबवता येतील."

"म्हणजे दिवाळीपर्यंत तू इथंच?"

"पिंपं इथं आहेत," टेरेन्स म्हणाला. "मला त्यांच्याजवळ राहावं लागेल. आणि माझ्या खोलीची भिंत आधी घ्या. काल रात्री छातीवर माती पडली. कसली डेंजरस खोली दिलीय मला."

आयव्हीने कागदावर सही केली, तो घडी घालून शिवणाच्या डब्यात ठेवला, आणि वर्तमानपत्रातून तीन बशा सोडवल्या.

"राहतोयस तर ऐक," ती म्हणाली. "सकाळचे पाव उद्यापासून तू आणायचे. ॲम्ब्रोज शिळे उचलतो, आणि वर म्हणतो, मोजून आणले."